सापाचा आडोसा आणि त्याची ऊब: हाइड व उष्णतेच्या साधनांचे एकत्रित परीक्षण

पाळीव सापासाठी मिळणारी हाइड, म्हणजे सापाला दडून बसण्यासाठीचे आडोसे, आणि उष्णतेची साधने वेगवेगळी विकली जातात, वेगवेगळ्या निकषांवर निवडली जातात आणि त्यांची परीक्षणेही बहुधा स्वतंत्रच लिहिली जातात. हाइड घेताना ते दिसते कसे आणि धुता येते का हे पाहिले जाते. हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) किंवा दिवा घेताना तो किती वॉटचा आहे आणि किती काळ टिकेल हे विचारले जाते. ही विभागणी मला मान्य नाही. सापापुरते पाहिले तर या दोन वस्तू मुळात एकच आहेत: आपण दडून बसलो आहोत ती जागा आणि त्या जागेची ऊब. म्हणून पुढे ज्या वस्तूंविषयी लिहिले आहे, त्या प्रत्येकीला मी एकच कसोटी लावली आहे. ही वस्तू पेटीत ठेवल्यावर सापाला सुरक्षित वाटणे आणि ऊब मिळणे यांपैकी एकावर पाणी सोडावे लागते का? लागत असेल, तर ती वस्तू कितीही देखणी किंवा टिकाऊ असली तरी तिची शिफारस मला करता येत नाही.

या कसोटीमागचे कारण सापाच्या शरीरातच आहे. साप आपल्या शरीराची उष्णता आपल्यासारखी आतून निर्माण करून राखत नाही. तो उबदार जागी जातो आणि गार जागी परततो, आणि या जाण्यायेण्यातूनच त्याचे तापमान राखले जाते. अन्न पचणे, रोगप्रतिकारशक्ती टिकणे, कात व्यवस्थित सुटणे ही सारी कामे या ये-जा करण्यावर अवलंबून असतात. परंतु बॉल पायथनसारखा बुजरा साप, जो आफ्रिकेतील आपल्या मूळ प्रदेशात उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दिवस काढतो, तो उघड्यावरून जाण्यापेक्षा जिथे आहे तिथेच दडून राहणे पसंत करतो. पेटीत एकच हाइड असेल आणि ते गार बाजूला असेल, तर असा साप भक्ष्य गिळल्यानंतरही तिथून हलत नाही. ऊब न मिळाल्यामुळे पचन मंदावते आणि कधीकधी भक्ष्य उलटून बाहेर पडते. ते एकच हाइड गरम बाजूला असेल, तर तो गरजेपेक्षा अधिक काळ उष्णतेत पडून राहतो आणि त्याच्या शरीरातील पाणी कमी होत जाते. म्हणून पेटीच्या दोन्ही टोकांना एकेक हाइड हवे, आणि शक्यतो दोन्ही एकाच घडणीची हवीत, म्हणजे जागा निवडताना सापासमोर तापमान सोडून दुसरा कोणताही फरक उरत नाही.

आकड्यांत सांगायचे तर बॉल पायथनसाठी गरम हाइडच्या आत ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि गार हाइडच्या आत २५ ते २७ अंश तापमान मी योग्य मानतो. कॉर्न स्नेक हा उत्तर अमेरिकेतला बिनविषारी साप थोड्या कमी उष्णतेत सुखी असतो. त्याच्यासाठी गरम बाजू २९ ते ३१ आणि गार बाजू २२ ते २५ अंश पुरेशी होते. या वाक्यांतील ‘हाइडच्या आत’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. पेटीच्या मध्यावर काचेला चिकटवलेला तापमापक जे दाखवतो ते त्या काचेचे तापमान असते, आणि साप तिथे राहत नाही.

आता प्रत्यक्ष वस्तूंकडे वळतो, आणि आधी हाइडकडे. माझ्या कसोटीवर सर्वांत वर उतरते ते साधे, काळ्या प्लॅस्टिकचे, तळ नसलेले आणि एकच दार असलेले हाइड, जे छायाचित्रात अगदीच सामान्य दिसते. त्याच्या भिंती पातळ असतात, त्यामुळे खालून येणारी किंवा वरून पडणारी उष्णता आत पोचायला वेळ लागत नाही; तळ नसल्यामुळे साप थेट उबदार जमिनीवर बसतो; काळा रंग आत खरा अंधार राखतो; आणि गुळगुळीत पृष्ठभाग गरम पाण्याने व जंतुनाशकाने सहज स्वच्छ होतो. त्याचे दोष दोनच आहेत. ते वजनाला हलके असते, त्यामुळे अंगात जोर असलेला साप ते सहज उलथवतो, आणि स्वस्त घडणीच्या नमुन्यांत दाराची कड धारदार राहिलेली असते. पहिल्यावर उपाय म्हणजे हाइड भोवतीच्या सबस्ट्रेटमध्ये, म्हणजे पेटीच्या तळाशी अंथरलेल्या थरात, बोटभर रुतवून ठेवणे. दुसऱ्यावर उपाय म्हणजे बारीक सँडपेपरने कड घासून घेणे, आणि तो पेटीत ठेवण्यापूर्वीच करावा, कारण कात टाकण्याच्या काळात सापाची त्वचा नाजूक असते.

मापाविषयी मात्र विक्रेत्यांचे वर्णन जवळजवळ नेहमीच दिशाभूल करते. ‘मध्यम’, ‘मोठे’ या शब्दांवर विसंबून चालत नाही. साप वेटोळे घालून बसला असता त्याचे अंग हाइडच्या बाजूंना टेकले पाहिजे आणि छतही पाठीच्या फार वर नसावे, हे खरे माप. अंगाला सर्व बाजूंनी स्पर्श होत राहणे ही सापासाठी सुरक्षिततेची खूण आहे. ऐसपैस गुहेत त्याला उघड्यावर असल्यासारखेच वाटते. माणूस आपल्या घराच्या कल्पनेने मोठे हाइड घेतो आणि साप त्याच्या मागे, भिंत आणि हाइड यांच्यामधल्या फटीत जाऊन बसतो. तसे दिसले तर सापाने आपले मत दिले आहे असे समजून लहान हाइड आणावे.

रेझिनची, म्हणजे साच्यात ओतून घडवलेल्या कठीण कृत्रिम पदार्थाची, गुहा ही खूप विकली जाणारी आणि माझ्या मते सर्वाधिक चुकीच्या जागी ठेवली जाणारी वस्तू आहे. खडकासारखा तिचा देखावा सुरेख असतो आणि वजनामुळे ती हलत नाही, हे तिचे खरे गुण. पण तिच्या भिंती जाड असतात. वरून तापवणाऱ्या साधनाखाली ठेवली तर छत चांगलेच तापते आणि आतली जागा मात्र बराच वेळ मागेच राहते. म्हणजे ऊब हवी असेल तर सापाने छतावर, उघड्यावर येऊन बसावे लागते. तळ असलेली गुहा हीट मॅटवर ठेवली तर उलटाच प्रकार होतो: तळाखाली उष्णता कोंडते, वर सापाला ती पुरेशी मिळत नाही आणि खालची काच गरजेपेक्षा जास्त तापते. म्हणून रेझिनची गुहा मी फक्त गार बाजूसाठी सुचवेन, तीही दार अरुंद असलेली. तिथे तिचा जाडपणा दोष राहत नाही. जड वस्तू कोणतीही असो, ती पेटीच्या तळावर घट्ट टेकवूनच ठेवावी आणि सबस्ट्रेट नंतर भोवती भरावा. सबस्ट्रेटवर ठेवलेल्या जड गुहेखाली साप उकरत शिरला तर ती त्याच्यावर बसू शकते.

दोन्ही टोकांनी उघडा असलेला अर्धा ओंडका हाइड म्हणून विकला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून आरपार उजेड जातो आणि सापाची एक तरी बाजू उघडी राहते. तो एका टोकाने पेटीच्या भिंतीला टेकवून, वर वाळलेली पाने आणि शेवाळ घालून दोन हाइडच्या मध्ये ठेवला तर मात्र उत्तम उपयोगी पडतो, कारण त्याच्या आडून सापाला न दिसता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाता येते. वर ज्या ये-जा करण्याविषयी लिहिले, तिला असा झाकलेला मार्ग फार मोठी मदत करतो. पेटी सजवण्यावर खर्च करायचाच असेल तर तो या मधल्या पट्ट्यावर करावा.

कॉर्क वृक्षाच्या सालीचे तुकडे आणि नळ्या मला मनापासून आवडतात. ते हलके असतात, ओलाव्यात लवकर कुजत नाहीत आणि वरच्या उष्णतेने चटका बसण्याइतके तापत नाहीत. चढण्याची आवड असलेल्या कॉर्न स्नेकसाठी थोड्या उंचीवर आडवी बसवलेली कॉर्कची नळी जमिनीवरच्या हाइडपेक्षाही अधिक वापरली जाते. त्यातली अडचण एकच, पण ती गंभीर आहे: सालीच्या खाचांत माइट म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे दडून राहतात आणि एकदा त्यांचा उपद्रव झाला की अशी साल पूर्णपणे निर्जंतुक करणे कठीण जाते. तशा वेळी ती टाकून देणे श्रेयस्कर.

मातीच्या कुंडीचा उल्लेख परीक्षणांत क्वचितच येतो, म्हणून येथे करतो. आडवी, अर्धी रुतवलेली किंवा कडेला दार कापून पालथी घातलेली कुंडी ऊब धरून ठेवते, पाणी शिंपडले असता ते शोषून आत दमटपणा राखते आणि पूर्ण अंधार देते. मात्र तिच्या बुडाशी पाणी निचरण्यासाठी असलेले छिद्र बुजवलेच पाहिजे. साप त्यात डोके घालतो, पुढे सरकतो आणि खवल्यांमुळे त्याला मागे येता येत नाही.

दमट हाइड ही वेगळी गरज आहे. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्याला गुळगुळीत दार कापून आत पिळून घेतलेले स्फॅग्नम शेवाळ भरले की ते तयार होते, आणि विकत मिळणारे महागडे नमुने याहून काही अधिक देत नाहीत. डोळे दुधाळ निळसर झाले की कात टाकण्याची वेळ जवळ आली असे समजावे. तेव्हा हा डबा गरम बाजूच्या लगत ठेवावा. गार बाजूला ठेवलेला ओला डबा श्वसनमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण देतो. ओलावा आणि ऊब सोबत असली तरच कात अखंड सुटते, आणि डोळ्यांवरची पारदर्शक खवलीही तिच्यासोबत निघते. ती अडकून राहिली तर चिमट्याने ओढू नये. दमटपणा वाढवावा आणि पुढच्या कातीपर्यंतही ती सुटली नाही तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याला दाखवावे.

उष्णतेच्या साधनांत हीट मॅट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त गैरसमज असलेली. ती हवा जवळजवळ तापवत नाही, फक्त तिच्या वरचा पृष्ठभाग तापवते. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेटीखाली, तळाचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग न व्यापता ती लावली आणि तिच्या वर तळ नसलेले पातळ हाइड ठेवले, तर लहान पेटीतल्या सापासाठी ही जोडी माझ्या कसोटीला पूर्ण उतरते, कारण अंधार आणि ऊब एकाच ठिकाणी मिळतात. पण वर सबस्ट्रेटचा जाड थर असेल तर उष्णता त्यातच अडकते. साप खाली उकरत जातो आणि थेट तापलेल्या काचेवर पोट टेकवतो. मॅटच्या जागी थर पातळ ठेवावा आणि पेटी खालून किंचित उचललेली असावी, म्हणजे हवा खेळती राहते. लाकडी पेटीच्या जाड तळातून मॅटची ऊब नीट वर येत नाही. तिथे वरून तापवणारे साधनच घ्यावे.

अशा साधनांत सिरॅमिक एमिटर, म्हणजे दिव्यासारखा होल्डरमध्ये बसणारा चिनीमातीचा तापक, जुना आणि खात्रीचा आहे. तो प्रकाश देत नाही, म्हणून रात्रीही चालवता येतो, आणि थंड खोलीतल्या मोठ्या पेटीची हवा उबदार ठेवण्याचे काम चोख करतो. ६० ते १५० वॉटच्या नमुन्यांतून पेटीच्या आकारानुसार निवड करावी लागते. त्याचा पृष्ठभाग इतका तापतो की साधा प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो, त्यामुळे चिनीमातीचा होल्डर आणि पेटीच्या आत बसवला असेल तर जाळीचे संरक्षक आवरण या दोन गोष्टी टाळता येत नाहीत. तो हवा कोरडी करतो, ही त्याची खरी उणीव, आणि बॉल पायथनसाठी ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखू पाहणाऱ्याला ती सतत जाणवते. दुसरी उणीव उष्णतेच्या प्रकारात आहे. मॅट आणि सिरॅमिक एमिटर मुख्यतः दीर्घ लहरींची अवरक्त उष्णता देतात, जी त्वचेच्या अगदी वरच्या थरातच शोषली जाते. सूर्यप्रकाशातून येणारी लघु लहरींची अवरक्त उष्णता मात्र शरीरात अधिक खोल पोचते.

या दुसऱ्या उणिवेमुळे मी हॅलोजन फ्लड दिव्याला दिवसाच्या वेळी पहिली पसंती देतो. त्याच्याखाली एखादा सपाट दगड ठेवला आणि त्या दगडाच्या पोटाशी पातळ हाइड असले, तर दगड हळूहळू तापून आतही ऊब उतरवतो आणि धीट स्वभावाचा साप संध्याकाळी दिवा मालवल्यावर त्याच दगडावर येऊन पडतो. रात्री मात्र हॅलोजन बंदच असावा. लाल किंवा निळ्या रंगाचे ‘रात्रीचे’ दिवे मी कोणालाही सुचवणार नाही; सापाला अंधार हवा असतो आणि रंगीत असला तरी तो उजेडच आहे. रात्री खोली फार गार होत असेल तर डीप हीट प्रोजेक्टर हे चांगले उत्तर आहे. हे साधन जवळजवळ उजेड न देता मध्यम लहरींची उष्णता देते आणि त्याची ऊब सिरॅमिकपेक्षा अधिक खोल जाते. किंमत जास्त आहे, पण दिवसरात्र एकच साधन ठेवायचे असेल तर माझी शिफारस यालाच.

हीट रॉक, म्हणजे आत तारा असलेला कृत्रिम दगड, कोणत्याही स्थितीत घेऊ नये. त्याचा काही भाग अतिशय तापतो, काही भाग गार राहतो आणि साप चटका बसत असूनही तिथून बाजूला होत नाही. पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, अंधारात उंदराची ऊब तो त्यांनी टिपतो, आणि तरीही पोटाखालच्या तापलेल्या पृष्ठभागावर तो भाजेपर्यंत पडून राहतो. पोटाचे असे भाजणे भरून यायला अनेक काती जातात.

यामुळेच थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेले तापमान राखण्यासाठी वीज नियंत्रित करणाऱ्या उपकरणाशिवाय, आतापर्यंत सांगितलेले कोणतेही साधन विजेला जोडणे मला अक्षम्य वाटते. मॅटसाठी चालू-बंद प्रकारचा किंवा पल्स प्रकारचा (वीज थोड्या थोड्या स्पंदनांत सोडणारा) थर्मोस्टॅट चालतो. सिरॅमिकसाठी पल्स उत्तम. हॅलोजनला डिमिंग प्रकारचाच, म्हणजे वीज हळूहळू कमी-जास्त करणारा, हवा, कारण इतर प्रकारांत दिवा सतत लुकलुकतो आणि लवकर जातो. डीप हीट प्रोजेक्टरलाही डिमिंगच अधिक मानवतो. दुकानात सहसा थर्मोस्टॅट सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत घेतला जातो. क्रम उलटा असावा: आधी चांगला थर्मोस्टॅट, मग त्याला साजेसे उष्णतेचे साधन, आणि देखाव्याची वस्तू सर्वांत शेवटी.

थर्मोस्टॅट कितीही चांगला असला तरी त्याचा प्रोब, म्हणजे तापमान टिपणारे तारेचे टोक, जिथे आहे तिथलेच तापमान त्याला कळते. सापाने प्रोब ढकलून गार बाजूला नेला, किंवा त्यावर पाणी सांडले, तर थर्मोस्टॅटला पेटी गार वाटते आणि तो साधन पूर्ण जोराने चालू ठेवतो. सापाचे भाजणे अनेकदा इथेच होते. म्हणून मॅटचा प्रोब पेटीच्या बाहेर, मॅट आणि काच यांच्यामध्ये पक्का बसवावा आणि आतले तापमान मोजून त्यानुसार आकडा ठरवावा. तो आकडा आतल्या तापमानापेक्षा थोडा जास्त ठेवावा लागतो, आणि त्यात चूक काही नाही. वरच्या साधनाचा प्रोब भिंतीला, सापाच्या उंचीवर, क्लिपने घट्ट धरावा. चिकटपट्टीने मात्र नाही; सुटलेली चिकटपट्टी खवल्यांना चिकटली की ती काढताना त्वचा सोलली जाते.

मोजमापासाठी दोन प्रोब असलेला, कमाल आणि किमान आकडे लक्षात ठेवणारा डिजिटल तापमापक घ्यावा आणि त्याचा एकेक प्रोब दोन्ही हाइडच्या आत सोडावा. रात्री आपण झोपलेले असताना काय घडले हे कमाल-किमान आकडेच सांगतात. टेम्परेचर गन, म्हणजे दुरून रोखून वापरायचा अवरक्त तापमापक, पृष्ठभाग मोजते, हवा नाही. दगड, हाइडचे छत आणि मॅटवरची जमीन तपासण्यासाठी ती फार उपयोगी आहे, पण तिच्यावरून आतल्या हवेचा अंदाज बांधू नये. काचेवर चिकटवायचे काट्याचे गोल तापमापक अनेक अंशांनी चुकतात आणि त्यांच्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. साप घरी आणण्यापूर्वी रिकामी पेटी काही दिवस चालवून दोन्ही हाइडच्या आतले आकडे स्थिर होतात का हे पाहणे, आणि ऋतू बदलल्यावर तेच पुन्हा तपासणे, एवढी शिस्त कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा जास्त उपयोगी पडते.

साप वाढत जातो, त्यामुळे हाइड ही कायमची खरेदी नसते. अंग दारातून घासून जाऊ लागले किंवा वेटोळे बाहेर डोकावू लागले की मोठे माप आणावे. तेव्हा दोन्ही हाइड एकाच दिवशी बदलू नयेत. आधी गार बाजूचे बदलावे, साप त्यात निवांत बसू लागला की मगच गरम बाजूचे, आणि नवे हाइड ठेवल्यावर आतला प्रोब पुन्हा वाचून थर्मोस्टॅटचा आकडा जुळवून घ्यावा, कारण छताची उंची बदलली की आतली ऊबही बदलते.